तोवर आम्ही काय करायचं?

पत्र

मॅडम, नमस्कार. आम्ही पाटण तालुक्यातले. माझे यजमान ४२ वर्षांचे आहेत, दुधाचा टेम्पो चालवायचे. दोन वर्षांपूर्वी दम लागायला लागला, पायांवर सूज आली. हृदय मोठं झालंय, पंपिंग २० टक्केच आहे, असं कराडला सांगितलं. नसांमध्ये ब्लॉकेज नाही म्हणाले. गेल्या वर्षभरात तीनदा अ‍ॅडमिट केलं. आता पुण्याचे डॉक्टर म्हणतात, हृदय बदलावं लागेल, यादीत नाव घालू. एक मशीनही मिळतं, पण ते फार महाग आहे. तीन एकर जमीन आहे, ती विकायची का? हे म्हणतात, माझ्यापायी पोरांना उघड्यावर टाकू नको. सासूबाई म्हणतात, दुसऱ्याचं काळीज घातल्यावर माणूस आपला राहतो का? एकाचा फोनही आला होता, पाच लाख दिले तर यादीत नाव वर घेतो म्हणाला. मोठा मुलगा बारावीला आहे, मुलगी आठवीत. आणि एक गोष्ट कुणाला बोलले नाही ती तुम्हाला लिहिते. रात्री देवापुढं बसते तेव्हा हात जोडवत नाहीत. यांना हृदय मिळू दे म्हणायचं म्हणजे कुणाच्या तरी घरातलं माणूस जाऊ दे म्हणायचं. मग मी मागू तरी काय? आणि तोवर आम्ही काय करायचं?

एक वाचक, जि. सातारा

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी तो पाच लाखांचा फोन. पुन्हा आला तर बोलत बसू नका. नंबर जपून ठेवा, रुग्णालयातल्या प्रत्यारोपण समन्वयकाला द्या आणि पोलिसांतही कळवा. यादीत नाव वर घेणं असं कुणा एकाच्या हातात नसतं. मी स्वतः अनेक वर्षं समन्वयक म्हणून हेच काम केलंय, म्हणून खात्रीनं सांगते. नाव नोंदवायचा अधिकार फक्त परवाना असलेल्या रुग्णालयाला. तिथून ते विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे जातं, तिला सगळे झेडटीसीसी म्हणतात. महाराष्ट्रात अशा चार समित्या आहेत: मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. तुमची पुण्याची. एखादं हृदय मिळण्यासारखं झालं की रक्तगट, दात्याची आणि रुग्णाची अंगकाठी, रुग्ण किती अत्यवस्थ आहे, किती दिवस यादीत आहे, हे बघून ते कुणाला द्यायचं ठरतं, आणि त्याची लेखी नोंद राहते. नोंदणीसाठी पैसे घेऊ नयेत असं केंद्र सरकारनं २०२३ मध्ये राज्यांना कळवलं आहे. अवयवाचा पैशांनी व्यवहार केला तर कायद्यात पाच ते दहा वर्षं कैद आणि वीस लाख ते एक कोटी दंड आहे, आणि पैसे देणाराही त्यात सापडतो. घाबरवायला सांगत नाही. अडचणीतल्या माणसाला हेरून असे फोन येतात आणि भलीभली माणसं फसतात, म्हणून सांगते.

आता तुम्ही विचारलंय त्याकडे येते. यादीत नाव गेलं की आपल्या हातात वाट बघण्यापलीकडे काही उरत नाही, असं बहुतेक घरांना वाटतं. मला ते मान्य नाही. वाट बघण्याचे महिने हा उपचारच असतो. ज्या रात्री रुग्णालयातून फोन येईल त्या रात्री यजमानांची किडनी, लिव्हर, फुप्फुसं, वजन, दात, सगळं एवढं मोठं ऑपरेशन सोसण्याजोगं असायला हवं. नाहीतर हृदय मिळूनही ते पुढच्या रुग्णाकडे जातं. देशभरात वर्षाला दोनशे-अडीचशेच हृदयप्रत्यारोपणं होतात, त्यामुळे तुमच्या वाट्याला काही आठवडे येतील की वर्ष-दीड वर्ष, हे कुणीच सांगू शकणार नाही. ओ रक्तगटाचे रुग्ण बहुधा जास्त थांबतात. तेवढा काळ माणूस टिकवून ठेवायचा आहे, आणि ते काम बरंचसं तुमच्या स्वयंपाकघरात होतं.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न डॉक्टरांना विचारा: हृदय बदलण्याआधी करण्यासारखं सगळं करून झालंय का? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. चांगल्या डॉक्टरला तो आवडतो. पंपिंग कमी असलेल्या हृदयासाठी आज चार प्रकारची औषधं एकत्र देतात. सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन ही जोडगोळी. मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल किंवा बिसोप्रोलॉल यांपैकी एक. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. शेवटची दोन मुळात मधुमेहाची औषधं, पण साखर नसलेल्या रुग्णालाही हृदयासाठी देतात, तेव्हा 'यांना तर शुगर नाही' म्हणून ती गोळी बंद करू नका. सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन पूर्वी फार महाग होतं, म्हणून पुष्कळ लोक ते मध्येच सोडून द्यायचे. २०२३ पासून भारतात त्याची स्वस्त जेनेरिक गोळी मिळते. ही चारही औषधं चालू आहेत का, आणि सोसेल तेवढ्या पूर्ण डोसपर्यंत नेली आहेत का, हे फाईल उघडून विचारा. मोठं झालेलं हृदय काही महिन्यांच्या नीट औषधांनी सावरल्याची आणि यादीतून नाव काढल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. सगळ्यांचं तसं होत नाही. पण विचारायचं राहून गेलं असं व्हायला नको.

त्याच भेटीत आणखी चार-दोन गोष्टी विचारून घ्या. थायरॉईड तपासलाय का? रक्तातलं लोह आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघितलंय का? ते कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांनी फारसं भागत नाही, शिरेतून इंजेक्शन दिलं की दम कमी होतो आणि माणूस थोडा चालता होतो. ईसीजीतली पट्टी रुंद आहे का? असेल तर हृदयाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी आकुंचन पावाव्यात म्हणून खास पेसमेकर बसवतात, त्याला सीआरटी म्हणतात. औषधं चालू असूनही पंपिंग ३५ टक्क्यांच्या वर जात नसेल तर ठोका अचानक बिघडून जीव जाण्याची भीती असते. त्यासाठी आयसीडी नावाचं यंत्र छातीच्या कातडीखाली बसवतात, ते आतूनच शॉक देऊन ठोका परत जागेवर आणतं. तुमच्या पत्रात याचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. आणि टेम्पो आता कोणत्याही परिस्थितीत चालवायला देऊ नका. एखादी फेरीसुद्धा नको.

स्वयंपाकघराकडे येते. दिवसभराचं सगळं मिळून मीठ एका सपाट चहाच्या चमच्यापेक्षा जास्त व्हायला नको, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत. डॉक्टर याहून कमी सांगतील तर तसं. तुमच्याकडे भाकरीबरोबर खर्डा असतो, दुपारी लोणचं असतं, चहाबरोबर खारी किंवा फरसाण असतं. भाजी अळणी केली आणि खर्डा ताटात राहिला तर काही साधलं नाही. एका घरात मी सगळं ऐकून घेतलं, तक्रारीला जागा नव्हती, तरी पाच-सहा दिवसांनी रुग्णाच्या पायावर सूज येतच होती. शेवटी त्यांच्या सूनबाईनं सांगितलं की पित्त होतं म्हणून मामंजी रोज जेवणानंतर सोड्याची पुडी पाण्यातून घेतात. त्या पुडीत सोडियमच असतं. पाण्यात फसफसणाऱ्या बहुतेक गोळ्यांचं तेच.

आणि कृपा करून 'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ आणू नका. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन घेणाऱ्याच्या रक्तात पोटॅशियम आधीच वाढायला टेकलेलं असतं, वरून हे मीठ गेलं तर ठोका बिघडू शकतो. अशक्तपणा आला म्हणून पाहुणे शहाळी आणून देतात, त्यांचंही तेच आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. कंबर किंवा गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी गोळी तर मुळीच नको. ती अंगात पाणी धरून ठेवते आणि किडनीवर ताण आणते. तीनदा अ‍ॅडमिट व्हावं लागलं त्याच्या आधीच्या आठवड्यात अशी काही गोळी पोटात गेली होती का, आठवून बघा.

वजनाचा साधा काटा घ्या. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, तशाच कपड्यांत वजन करायचं आणि वहीत तारीख टाकून लिहायचं. खाऊन-पिऊन लागलेलं वजन दोन दिवसांत दिसत नाही. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते पाणी आहे, आणि त्याच दिवशी फोन करायचा, दम लागायची वाट बघायची नाही. त्या टप्प्यावर लघवीच्या गोळीचा डोस बदलून भागतं. दोन दिवस उशीर केला तर अ‍ॅडमिट करावं लागतं. रात्री उशी एकाच्या जागी दोन लागायला लागली, झोपेतून उठून बसावं लागलं, पोट भरल्यासारखं वाटून जेवण जाईना, हेही वहीत लिहा. बारावीतल्या मुलाला हे काम दिलंत तर त्यालाही घरात आपण काही करतोय असं वाटेल.

कुठल्याही दवाखान्यात रक्त चढवायचं म्हणाले तर आधी पुण्याच्या टीमला फोन करा. रक्त चढवल्यानं शरीरात परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात आणि मग जुळणारं हृदय मिळणं अवघड होतं. जीव वाचवायला लागलंच तर द्यावंच लागेल, पण त्यांना कळायला हवं. तंबाखू, मिश्री, दारू पूर्ण बंद. यातलं काही चालू असलं तर नाव यादीत घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे. दात तपासून घ्या, किडका दात ऑपरेशननंतर जिवावर बेततो. फ्लू, न्यूमोनिया आणि कावीळ-बी यांच्या लसी आत्ताच घेऊन ठेवा.

यादीत घेण्याआधी ते भरपूर तपासण्या करतील. त्यातली एक समजून घ्या, कारण तिच्यावर बरंच अवलंबून असतं. मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून बारीक नळी हृदयाच्या उजव्या बाजूत नेतात आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीतला दाब मोजतात. वर्षानुवर्षं डावी बाजू कमजोर राहिली की मागे तुंबून फुप्फुसांतला दाब चढत जातो. तो फार चढला आणि औषध देऊनही उतरेना, तर नवं हृदय त्या दाबापुढे टिकत नाही. त्या रात्रीपर्यंत ते मोकळ्या फुप्फुसांत रक्त ढकलत होतं, त्याला या दाबाची सवय नसते. म्हणून 'अजून चालतंफिरतं माणूस आहे, बघू दिवाळीनंतर' असं करू नका. तपासण्या लवकर झालेल्या बऱ्या. नाव घालणं म्हणजे ऑपरेशनला हो म्हणणं नव्हे, मागाहून नाव काढता येतं.

मशीनबद्दल. त्याला एलव्हीएडी म्हणतात. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या टोकाला छोटा पंप बसवतात, तो रक्त ओढून महाधमनीत ढकलतो. पंपाची वायर पोटाच्या कातडीतून बाहेर येते, कमरेला कंट्रोलर आणि दोन्ही बाजूंना बॅटऱ्या. चांगल्या यंत्रावर पाच वर्षांनंतर निम्म्याहून अधिक रुग्ण हयात असतात, तेव्हा हा काही नावापुरता उपाय नाही. पण खर्च कोटीच्या घरात जातो, हे तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं. आणि पैशाइतकाच मोठा प्रश्न विजेचा. रात्री झोपताना ते बोर्डाला जोडावं लागतं. पाटणच्या बाजूला पावसाळ्यात लाईट गेली की कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा इन्व्हर्टर, जास्तीच्या बॅटऱ्या आणि गरज पडली तर शहराजवळ राहणं, हे सगळं धरून विचार करायचा. वायर बाहेर येते तिथलं ड्रेसिंग अगदी स्वच्छ हातांनी करावं लागतं, नदीत-विहिरीत उतरता येत नाही, रक्त पातळ ठेवायची गोळी कायम असते. माझं मत विचाराल तर ज्यांना प्रत्यारोपण होऊ शकतं आणि जे अजून घरी राहू शकतात त्यांनी जमीन विकून एलव्हीएडीकडे धावू नये. पुढे प्रकृती ढासळत गेली, ड्रिपशिवाय चालेना झालं, तर चित्र बदलतं. अशा रुग्णाला यादीतही तातडीचा क्रम मिळतो. तो निर्णय त्या वेळी टीमबरोबर घ्या.

जाहिरातींतली 'बिनऑपरेशन बायपास' यांच्या उपयोगाची नाही. यांच्या नसा बंदच नाहीत, दुखणं हृदयाच्या स्नायूचं आहे. स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन हृदय नवं करतो म्हणणाऱ्यांच्या दारात जाऊ नका, हृदयासाठी तो उपचार सिद्ध झालेला नाही आणि पैसे लाखांत जातात. वैद्यांचं काही चालू असेल तर लपवू नका, हृदयाच्या डॉक्टरांना बाटली दाखवा.

जमिनीचं विचारलंत. खासगी रुग्णालयात हृदयप्रत्यारोपणाचा खर्च वीस लाखांच्या पुढे जातो, आणि त्यानंतरची औषधं आणि तपासण्या जन्मभर असतात. म्हणून मी नेहमी सांगते, सगळं विकून ऑपरेशन करायचं आणि मग औषधाला पैसे नाहीत, असं होऊ देऊ नका. गोळ्या थांबल्या की शरीर ते हृदय नाकारतं. तपासण्या पूर्ण होऊन नाव यादीत जाईपर्यंत जमिनीचा व्यवहार करू नका. तोवर तहसीलदाराकडून उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा, रेशनकार्डावर सगळ्यांची नावं आहेत का बघा आणि आधार जोडून घ्या. रुग्णालयाच्या लेटरहेडवर खर्चाचं एस्टिमेट मागा. ते घेऊन मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी या दोन्हींकडे अर्ज करता येतो. रुग्णालय धर्मादाय असेल तर तिथल्या दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखलेल्या असतात; त्याचा अर्ज समाजसेवा विभागातच मिळतो, कुणी उडवून लावलं तर धर्मादाय आयुक्तांकडे जा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता सगळ्याच रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि प्रत्यारोपणासारख्या महाग उपचारांसाठी वेगळा निधी ठेवायचं सरकारनं २०२५ मध्ये ठरवलं. आज त्यातून कुठल्या रुग्णालयात किती मिळतं हे रुग्णालयात या योजनेसाठी बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. मुंबईत महापालिकेच्या केईएममध्येही २०२४ मध्ये हृदयप्रत्यारोपण झालं, तेव्हा सरकारी बाजूचा पर्यायही समन्वयकाला विचारून ठेवा.

सासूबाईंना हे नवं वाटणं साहजिक आहे. त्यांना सांगा, याच केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत हृदयप्रत्यारोपण केलं होतं, जगात पहिलं झालं त्यानंतर तीन महिन्यांच्या आत. तो रुग्ण वाचला नाही, काही तासांतच गेला. पुढे १९९४ मध्ये कायदा झाला, त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी ते यशस्वी केलं, आणि २०१५ मध्ये त्याच तारखेला पुण्यातून निघालेलं हृदय मुलुंडला पोचून एका तरुणाच्या छातीत बसलं. आज जगभरातल्या नोंदी पाहिल्या तर हृदय बदललेले निम्मे रुग्ण बारा वर्षांहून अधिक जगतात. माणूस तोच राहतो, सासूबाई. त्याची आवडनिवड, राग, तुमच्यावरची माया, सगळं तेच. ऑपरेशननंतर पहिलं वर्षभर मानेच्या शिरेतून हृदयाचे बारीक तुकडे तपासणीसाठी काढायला वरचेवर जावं लागेल, घरात माणसांची वर्दळ कमी करावी लागेल, पपनस ताटात नको कारण ते औषधाची रक्तातली पातळी चढवतं. एवढं पथ्य घरच्यांना जमतं.

आता देवापुढचं.

ताई, हा प्रश्न मला पुष्कळ जणांच्या डोळ्यांत दिसला आहे, विचारला मात्र फार थोड्यांनी. ज्या बाजूला तुम्ही कधी जाणार नाही त्या बाजूला मी उभी राहिले आहे, म्हणून तिथलं सांगते. हृदय येतं ते मेंदू मृत झालेल्या माणसाकडून. बहुतेक वेळा डोक्याला मार लागलेला असतो किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला असतो. त्याला वाचवायचे सगळे प्रयत्न झालेले असतात. मग चार डॉक्टरांचं पॅनेल, ज्यात प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी कुणीही नसतो, तपासण्या करतं, निदान सहा तासांनी त्याच तपासण्या पुन्हा करतं, आणि दोन्ही वेळा मेंदू मृत ठरला तरच पुढचं बोलणं होतं. यात तुमच्या प्रार्थनेला कुठेही शिरकाव नाही. तुम्ही हात जोडले म्हणून कुणी गाडीखाली येत नाही आणि नाही जोडले म्हणून कुणी वाचत नाही. तो माणूस गेलेला असतो. उरलेला असतो तो फक्त त्याच्या घरच्यांचा निर्णय, हो किंवा नाही, आणि तो त्यांना आयसीयूबाहेरच्या बाकावर, काही तासांत घ्यायचा असतो.

अशाच एका बाकावर एका वडिलांनी सही केल्यावर मला विचारलं होतं, "कुणाला दिलं ते नका सांगू, पण चालू झालं की नाही एवढं कळवाल का?" कायद्यानं दोन्ही घरांची नावं एकमेकांना सांगत नाहीत. चालू झालं, एवढं मी कळवलं. ते फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "मंडळींना सांगतो." तेव्हा तुम्ही मागायचंच असेल तर हे मागा: ज्या घरावर तो दिवस येणारच आहे, त्या घराला हो म्हणायचं बळ मिळो. यात कुणाचं वाईट चिंतलं जात नाही. आणि मनात असेल तर तुम्ही आणि तुमच्या भावंडांनी स्वतःचा अवयवदानाचा अर्ज भरा, नोटो या अवयवदानाच्या राष्ट्रीय संस्थेचा फोन १८००११४७७० आहे. त्याचा यजमानांच्या क्रमाशी काही संबंध नसतो, पण तुमच्या मनाला बरं वाटेल.

त्या फोनसाठी तयारी हवी. हृदय काढल्यापासून साधारण चार तासांत दुसऱ्या छातीत चालू व्हावं लागतं, म्हणून ते निघण्याच्या आधीच रुग्ण रुग्णालयात पोचलेला असावा लागतो. तुमच्या गावाहून पुणं गाठायला रात्रीच्या वेळी किती लागतं, खंबाटकीत ट्रॅफिक तुंबलं तर किती, हे समन्वयकाला खरं सांगा. ते म्हणाले तर काही महिने पुण्यात खोली घ्या. गाडी कुणाची, चालवणार कोण, मुलं कुणाकडे, हे ठरलेलं असू द्या. तीन फोन नंबर देऊन ठेवा आणि ते रात्री बंद ठेवू नका. फोन आल्यावर यजमानांना काही खायला-प्यायला द्यायचं नाही. आणि हेही मनाशी धरा की पोचल्यावर परत पाठवू शकतात. डॉक्टर दात्याचं हृदय प्रत्यक्ष बघतात आणि पसंत नसेल तर नको म्हणतात. असं एकदा-दोनदा होतं. त्या रात्री परतताना फार रडू येतं. पण कमजोर हृदय न बसवण्याचा निर्णय यजमानांच्या जिवासाठीच घेतलेला असतो.

राहिला यजमानांचा शब्द. पोरांना उघड्यावर टाकू नको, असं ते म्हणाले. ते पैशाबद्दल बोलतायत की त्यांना ऑपरेशनच नकोय, हे तुम्ही दोघंच असताना, कुणी पाहुणा नसताना विचारा. पैशाचं ओझं असेल तर वर लिहिलेले कागद करून त्यांच्या पुढ्यात ठेवा, आकडे दिसले की माणूस वेगळा विचार करतो. भीती असेल तर समन्वयकाला सांगून हृदय बदललेल्या एखाद्या माणसाची भेट घडवा. असे लोक आपणहून भेटायला तयार असतात. आणि सगळं समजून घेऊनही ते नको म्हणाले तर तो त्यांचा हक्क आहे, त्यांच्यावर चिडू नका. औषधं, दम कमी करणारे उपचार, घरी येऊन बघणारी उपशामक सेवा हे त्या वाटेवरही मिळतं. खरं तर ते यादीत असतानाही घ्यावं, झोप लागत नाही, जीव घाबरतो, यासाठीही ते डॉक्टर मदत करतात.

एक शेवटचं, तुम्ही न विचारलेलं. ब्लॉकेज नसताना हृदय असं मोठं होणं काही कुटुंबांत रक्तातून येतं. यजमानांच्या सख्ख्या भावंडांचा आणि तुमच्या दोन्ही मुलांचा एकदा इको आणि ईसीजी करून घ्या. कराडलाही होईल. मुलाला बारावीच्या परीक्षेपर्यंत थांबवलंत तरी चालेल, पण त्याला किंवा मुलीला धावताना चक्कर आली, छातीत धडधडलं किंवा दम लागला तर त्याच आठवड्यात न्या.